धनी आणि त्याचा हुजऱ्या

वाचकहो, इंग्रजीत ‘व्हॅले’ नावाचा एक शब्द आहे. कोशात पाहाल तर ‘नोकर’, ‘खिदमतगार’ असे काहीतरी सापडेल आणि तेवढ्यावर समाधान मानून पुढे गेलात, तर आज ज्या कादंबरीविषयी बोलायचे आहे तिचा निम्मा रस हातून निसटेल. व्हॅले म्हणजे गडी नव्हे. गडी घराचा असतो. तो पाणी भरतो, लाकडे फोडतो, गोठा झाडतो. बटलर हाही घराचाच. बाकीच्या नोकरांवर त्याची हुकमत आणि मद्याच्या कोठाराच्या किल्ल्या त्याच्याजवळ. व्हॅले मात्र एका माणसाचा. धन्याचा सकाळचा चहा, त्याचे कपडे, दाढीचे पाणी, प्रवासाची पेटी, आगगाडीचे तिकीट, नको असलेल्या पाहुण्याला दारातून परत लावणे, ही सगळी त्याची कामे. आपल्याकडे संस्थानी दरबारात हुजऱ्या असे, तो त्याच्या सर्वांत जवळचा. म्हणून मी वर्गात ‘हुजऱ्या’ हाच शब्द वापरतो. मुले आधी हसतात, मग रुळतात.

असा एक हुजऱ्या आणि असा एक धनी यांच्यावर पी. जी. वुडहाउस या लेखकाने जवळजवळ साठ वर्षे लिहिले. धन्याचे नाव बर्टी वूस्टर, हुजऱ्याचे जीव्ज. १९१५ साली एका मासिकाच्या कथेत जीव्ज पहिल्यांदा दिसला. तिथे त्याला फारसे कामच नव्हते. शेवटची कादंबरी १९७४ ची आणि १९७५ च्या फेब्रुवारीत वुडहाउस वारला तेव्हा त्याचे वय त्र्याण्णव होते. या साठ वर्षांत दोन महायुद्धे होऊन गेली, साम्राज्य गेले, घरोघरचे बटलर गेले. बर्टीच्या दारात मात्र चहाचा ट्रे रोज वेळेवर येत राहिला. जीव्ज हे नाव एका क्रिकेटपटूचे. पर्सी जीव्ज हा वॉरिकशायरकडून खेळणारा गोलंदाज १९१६ साली सोमच्या लढाईत मारला गेला. पुस्तकातला जीव्ज म्हातारासुद्धा झाला नाही.

तुम्ही म्हणाल, लंडनच्या श्रीमंत रिकामटेकड्याच्या गोष्टी आम्हां निफाड-सिन्नरच्या माणसांना कशाला? प्रश्न रास्त आहे. पण धनी बावळा आणि नोकर शहाणा ही जोडी आपल्याला परकी नाही. संस्कृत नाटकातला विदूषक राजाला तोंडावर बोलतो. तमाशाच्या वगात राजाची आणि प्रधानाची फजिती करणारा सोंगाड्या तुम्ही जत्रेत रात्र-रात्र जागून पाहिलेला आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनरावाचा भादव्या आहे आणि ते नाटक तर मोलियरच्या फ्रेंच प्रहसनापासून इंग्रजीवाटे आपल्याकडे आलेले. खुद्द नाशिकचे उदाहरण घ्या. तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९४६ साली ‘दूरचे दिवे’ हे नाटक लिहिले, ते ऑस्कर वाइल्डच्या ‘अ‍ॅन आयडियल हजबंड’ या १८९५ च्या नाटकावरून. वाइल्डच्या मूळ नाटकात लॉर्ड गोरिंग नावाचा एक ऐषआरामी धनी आहे आणि फिप्स नावाचा त्याचा नोकर. धनी कोटावर लावायच्या फुलाविषयी लांबलचक तत्त्वज्ञान सांगतो आणि फिप्स चेहऱ्यावरची रेघ न हलवता ‘होय, साहेब’ म्हणत राहतो. जीव्जचा हा थोरला भाऊच समजा. त्याच्याही आधी, १८३६-३७ साली, डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला सॅम वेलर होऊन गेला. ती कादंबरी महिन्या-महिन्याला सुटी छापून निघे. सॅम कथेत आला आणि तिचा खप एकदम वाढला. पिकविकसाहेब तुरुंगात गेले तेव्हा या सॅमने मुद्दाम स्वतःच्या बापाकडून कर्ज घेतले, ते बुडवले आणि धन्यापाठोपाठ तुरुंगात जाऊन बसला. जीव्ज असे काही करणार नाही. तो धन्याला तुरुंगातून बाहेर काढील आणि त्या भानगडीत धन्याची एखादी नावडती टाय कायमची नाहीशी करील.

आता मूळ पुस्तकाकडे येऊ. वर्गात शिकवायला मला ‘राइट हो, जीव्ज’ ही १९३४ ची कादंबरी सोयीची वाटते. कारण तिच्यात शाळेचा बक्षीस समारंभ आहे आणि तो कोणत्याही गुरुजींना समजावून सांगावा लागत नाही.

कथा अशी. बर्टी फ्रान्सहून पांढरेशुभ्र, आखूड जाकीट घेऊन येतो. जीव्जला ते पसंत नाही. तो तसे बोलत नाही. नुसते ‘असे का, साहेब?’ म्हणतो आणि त्या तीन शब्दांत जाकिटाचे मरण लिहिलेले असते. बर्टी चिडतो. त्यात त्याचे मित्र सल्ल्यासाठी येतात ते जीव्जकडे, बर्टीकडे नव्हे. मग तो ठरवतो, की यापुढे सगळ्या अडचणी आपण एकट्याने सोडवायच्या. अडचणी तरी किती! त्याचा मित्र गसी फिंक-नॉटल हा पाणसरडे पाळणारा अतिलाजाळू तरुण. त्याला मॅडलिन नावाच्या मुलीला लग्नाचे विचारायचे आहे, पण जीभ उचलत नाही. बर्टीची आतेबहीण अँजेला आणि तिचा टपी यांचे भांडण होऊन ठरलेले लग्न मोडले आहे. आणि डालिया आत्या आपल्या साप्ताहिकाचे पाचशे पौंड जुगारात घालवून बसली आहे. ते नवऱ्याजवळ मागायचे कसे, ही तिची विवंचना.

बर्टी सगळ्यांना एकच औषध देतो. रात्रीच्या जेवणाला ताट दूर सारा, म्हणजे तुमचे दुःख पाहून समोरच्याला पाझर फुटेल. सगळेजण तसे करतात. पण स्वयंपाकघरात अनातोल नावाचा फ्रेंच आचारी आहे. त्याची ताटेच्या ताटे न शिवता परत आलेली पाहून तो राजीनामा देतो. आत्याच्या नवऱ्याचे पोट नाजूक. त्याला फक्त अनातोलचेच अन्न पचते. म्हणजे आता पाचशे पौंडांचे नावच काढायला नको. पाहा, एक गाठ सोडवायला गेलो आणि तिची चार झाली. गुरुजींना माझी सूचना अशी, की इथे पुस्तक बाजूला ठेवा आणि फळ्यावर नावे लिहा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी मांडा. त्याला हवे काय, आणि त्याला ठाऊक काय. मग बाण काढा. मुलांच्या लक्षात येते, की ही हसवाहसवी एखाद्या घड्याळासारखी बांधलेली आहे. एक चाक काढले तर बाकीची थांबतील. वुडहाउस लिहायला बसण्यापूर्वी कथेचे पानेच्या पाने टिपण करी, हे प्रसिद्धच आहे.

आणि तो बक्षीस समारंभ! आत्याने बर्टीला गावच्या शाळेत बक्षिसे वाटायला बोलावले होते. त्याने ते लचांड गसीच्या गळ्यात घातले. गसी दारूला न शिवणारा, संत्र्याच्या रसावर राहणारा. त्याला धीर यावा म्हणून बर्टी त्या रसात चोरून दारू मिसळतो. जीव्जही त्यात मिसळतो. आणि गसीने स्वतः आधीच बाटली तोंडाला लावलेली असते. असा हा तिहेरी धीर आलेला पाहुणा व्यासपीठावर उभा राहतो. समोर उन्हाळ्याची तलखी, घट्ट गळपट्ट्यातली मुले, टोप्यांतल्या आया, खुर्चीवर दाढीवाले मुख्याध्यापक. तो मुख्याध्यापकांना टोकतो, बायबलाच्या ज्ञानाचे बक्षीस घ्यायला आलेल्या मुलाला ‘तू नक्कल केलीस ना?’ असे भर सभेत विचारतो आणि बर्टीनेही लहानपणी तेच बक्षीस नक्कल करून मिळवले असे जाहीर करून टाकतो. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दीड तास उशिरा आलेले प्रमुख पाहुणे आठवा. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकदा तरी आलेले असते, की आता या माणसाने खरे बोलावे. गसी ते बोलतो, एवढेच.

या प्रसंगाला मुले हसतात. पण पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांना हसत नाहीत आणि इथे खरी अडचण आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला वाटते, शहरातली मुले हसताहेत म्हणजे माझे इंग्रजी कच्चे. तो खोटे हसायला लागतो. विनोदी पुस्तकापुढे खोटे हसणे यासारखी केविलवाणी गोष्ट नाही. त्याला सांगायला हवे, की बाबा, इथे विनोद शब्दार्थात नाही, दोन भाषांच्या टकरीत आहे. बर्टी बोलतो ती कॉलेजातल्या उनाड पोराची बोली; अर्धे शब्द तोडलेले, अर्धे मित्रमंडळीत घडवलेले. जीव्ज बोलतो एखाद्या शास्त्रीबुवांसारखा, पूर्ण वाक्यात, तोलून-मापून. बर्टीला शाळेतली एखादी कविता अर्धवट आठवते, तो चाचपडतो, आणि जीव्ज पुढची ओळ अदबीने पुरवतो. कीर्तनात बुवा चरण विसरले की मागचा टाळकरी तो उचलतो ना, अगदी तसे. फरक इतकाच, की इथे बुवांना अभंगाचा अर्थ टाळकऱ्याकडून कळतो.

दुसरी किल्ली म्हणजे कथा सांगतो कोण. ती सांगतो बर्टी. तो स्वतःला चतुर समजतो. आणि तो जे प्रामाणिकपणे सांगतो त्यातूनच तो चतुर नाही हे आपल्याला कळते. सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त दिसते. ही युक्ती मराठी वाचकाला चांगली ठाऊक आहे, कारण चिं. वि. जोशी यांचा चिमणराव तेच करतो. चिंतामणराव जोशी (१८९२ ते १९६३) हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. बौद्ध ग्रंथांचा हा गंभीर अभ्यासक मध्यमवर्गीय कारकुनाच्या तोंडून आपली फजिती आपणच सांगवतो. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, ते पुष्कळांना आठवत असतील. पण गुंड्याभाऊ आणि जीव्ज यांत अंतर आहे. गुंड्याभाऊ नात्यातला, अंगाने दांडगा, आणि त्याच्या मदतीने काम हमखास बिघडते. जीव्ज परका, आवाज न करता खोलीत येणारा, आणि त्याच्या हातून काम बिघडत नाही. आपण मराठी माणसांनी विनोदात नातेवाईक घेतला, इंग्रजांनी पगारी माणूस घेतला. मला स्वतःला चिमणरावाच्या घरात अधिक ऊब वाटते, आणि रचना पाहायची तर वुडहाउसच्या पासंगाला पुरणारा लेखक मला आढळलेला नाही.

नात्याचा विषय निघालाच आहे तर भाषांतराची एक गंमत. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना ‘आंट’ हा एकच शब्द. भाषांतरकाराला निवड करावी लागते. सवयीने ‘डालिया मावशी’ लिहिले जाते, पण ती बर्टीच्या वडिलांची बहीण; म्हणजे आत्या. आणि हे नुसते व्याकरण नव्हे. मावशी माया करते. आत्याला बारशात नाव ठेवण्याचा मान असतो, माहेरच्या घरावर तिचा हक्क चालतो, भाच्याला ती चारचौघांत गाढव म्हणू शकते. डालिया त्याला याहूनही वाईट म्हणते, आणि तिचा जीव त्याच्यावर आहे हे आपल्याला त्यातूनच कळते. तसेच जीव्जच्या ‘सर’चे. ‘मालक’ म्हटले तर शेताचा वास येतो, ‘सरकार’ म्हटले तर वाड्याचा, ‘धनी’ म्हटले तर बायको नवऱ्याला हाक मारते आहे असे वाटते. मी ‘साहेब’ म्हणतो. त्यातल्या त्यात बरे.

कादंबरीच्या शेवटी बर्टीला हार खाऊन जीव्जला शरण जावे लागते. जीव्ज सांगतो, मध्यरात्री आगीची घंटा वाजवा. प्रत्येक प्रियकर आपापल्या प्रेयसीला वाचवायला धावेल. घंटा वाजते, सगळे बाहेर पळतात आणि कुणी कुणाला वाचवत नाही. उलट दारे आतून बंद होतात. नोकरचाकर दूरच्या गावी नाचाला गेलेले. किल्ली आणायला बर्टीला काळोखात, बिनदिव्याच्या सायकलवर, नऊ मैल पिटाळले जाते. तिथे पोचल्यावर कळते, की किल्ली जीव्जपाशीच आहे. पुन्हा नऊ मैल परत. तोवर इकडे सगळ्यांनी मिळून बर्टीला इतक्या शिव्या घातलेल्या असतात, की त्या नादात आपापसांतली भांडणे विसरून गेलेली असतात. जीव्जचा बेत पहिल्यापासून हाच होता. चार माणसांना एकत्र आणायला पाचव्यावरचा राग पुरतो, हे गावच्या राजकारणात मुरलेल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. आणि ते पांढरे जाकीट? इस्त्री करताना जळाले, साहेब.

आता एका मुलाने वर्गात विचारलेला प्रश्न सांगतो. कळवणकडचा मुलगा, बाप सालदार. त्याने विचारले, “सर, जीव्ज येवढा हुशार आहे तर तो चहाचा ट्रे का उचलतो? त्याचा बाप पण सालानं होता का?” वर्ग हसला, मुलगा हसला नाही. पुस्तकाला विचारता येईल असा याहून चांगला प्रश्न नाही, असे माझे मत आहे.

त्याचे उत्तर पुस्तकातच शोधू. १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दहा लाखांहून अधिक माणसे दुसऱ्यांच्या घरी नोकरीला होती. बहुतेक मुली, पहाटे उठून शेगड्या घासणाऱ्या. त्या वुडहाउसच्या पानांवर जवळजवळ दिसत नाहीत. हे त्याचे न्यून म्हणायचे तर म्हणा. जीव्ज त्यांतला नव्हे. त्याच्याजवळ दोन गोष्टी आहेत, ज्या सालदाराजवळ नसतात. एक म्हणजे नोकरी सोडण्याची ताकद. ‘थँक यू, जीव्ज’ या कादंबरीत बर्टी बॅन्जोसारखे एक वाद्य बडवायला लागतो आणि जीव्ज सरळ राजीनामा देऊन दुसरीकडे जातो. त्याला कुठेही काम मिळेल. आपल्याकडे पाडव्याला किंवा आखाजीला साल ठरते, उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाय अडकलेला. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्या संसदेला करावा लागला, तो याच अडकलेल्या पायांसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे संघटना. लंडनमध्ये जीव्जच्या मंडळींचा ‘ज्युनियर गॅनिमीड’ नावाचा क्लब आहे, अर्थात लेखकाच्या कल्पनेतला. तिथे एक वही असते. प्रत्येक सभासदाने आपल्या धन्याची गुपिते तिच्यात लिहायची, असा नियम. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या १९३८ च्या कादंबरीत रॉडरिक स्पोड नावाचा दांडगट पुढारी आहे, काळ्या चड्ड्या घातलेल्या स्वयंसेवकांचा नेता. इंग्लंडमधल्या ऑस्वल्ड मोस्लेच्या काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्टांची ती उघड टवाळी. हा हुकूमशहा चोरून बायकांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान चालवतो, हे त्या वहीत नोंदलेले असते. त्या एका शब्दावर जीव्ज त्याची वाचा बंद करतो. मी त्या मुलाला म्हटले, ट्रे उचलतो म्हणून तो लहान नाही आणि हुशार आहे म्हणून स्वतंत्र नाही. तो स्वतंत्र आहे, कारण त्याला दुसरे दार उघडे आहे. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, “मग आमच्याकडे जीव्ज होणार नाही, सर.” यावर माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. पुढच्या तासाला त्यानेच ‘थँक यू, जीव्ज’ मागून नेले.

हुकूमशहाची अशी टर उडवणाऱ्या या लेखकावर पुढे काय वेळ आली, हे नभोवाणीच्या पुस्तिकेत सांगायलाच हवे. १९४० साली फ्रान्समधल्या घरात तो जर्मनांच्या हाती सापडला, महिनोन्‌महिने छावणीत राहिला आणि १९४१ साली बर्लिनच्या रेडिओवरून त्याने पाच भाषणे केली. भाषणांत राजकारण नव्हते, कैदेतल्या गमतीजमती होत्या. पण ज्यांच्या डोक्यावर बाँब पडत होते त्या इंग्लंडला त्या गमती झोंबल्या. त्याला देशद्रोही म्हटले गेले. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली त्याची बाजू मांडली, तिचा आशय असा, की हा माणूस मूर्ख ठरेल, फितूर ठरत नाही. हे मला पटते. वुडहाउस अमेरिकेत राहिला आणि इंग्लंडला परतला नाही. मरणाच्या जेमतेम दीड महिना आधी त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. मायक्रोफोनपुढे काय बोललो याइतकेच कुणाच्या मायक्रोफोनपुढे बोललो हेही मोजले जाते, ही गोष्ट बर्टीला सुचली नसती. जीव्जला सुचली असती.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी कादंबरी आधी घेऊ नये. १९२३ च्या ‘द इनिमिटेबल जीव्ज’ या पुस्तकात ‘द ग्रेट सरमन हँडिकॅप’ नावाची गोष्ट आहे. आसपासच्या खेड्यांतल्या पाद्र्यांपैकी रविवारी सर्वांत लांब प्रवचन कोण देणार, यावर ही रिकामी मंडळी घोड्यांच्या शर्यतीसारखी पैज लावतात. कुणाला किती मिनिटांची सूट द्यायची तेही ठरते. ज्यांनी सप्ताहात एकामागून एक कीर्तने ऐकली आहेत त्यांना यात काही समजावून सांगावे लागणार नाही. गोष्ट मोठ्याने वाचा. बर्टीची वाक्ये भरभर आणि जीव्जची सावकाश वाचा, आणि जीव्ज बोलताना स्वतः हसू नका.